नगरसेवकपदाच्या उमेदवाराची समाजसेवा कशी जोखावी? एका निवृत्त मुख्याधिकाऱ्याचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब वर्ग नगरपरिषद असलेल्या एका शहरात एका प्रभागात पोटनिवडणूक लागली असून तेथे दोन प्रमुख उमेदवार आहेत. पहिल्या उमेदवारांचा बांधकाम साहित्याचा व्यवसाय आहे आणि त्यांच्या पत्रकात रक्तदान शिबिरे, उन्हाळ्यात स्वखर्चाने पाठवलेले पाण्याचे टँकर, मोफत रुग्णवाहिका, वह्यावाटप आणि गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्षपद यांची भरगच्च यादी आहे. दुसऱ्या उमेदवार शिवणकाम करणाऱ्या बाई असून वस्तीतील बचत गटांच्या संघाचे काम त्या अनेक वर्षे पाहत आल्या आहेत. त्यांच्या पत्रकात स्वतःविषयी जेमतेम दोन ओळी आहेत. प्रश्नकर्त्याचे म्हणणे असे की दोघेही माणूस म्हणून चांगले आहेत, तेव्हा त्यांच्या पार्श्वभूमीला आणि समाजसेवेला किती महत्त्व द्यावे आणि ही सेवा निवडणुकीपुरती आहे की खरी, हे कसे ओळखावे.

मी राज्यातील लहानमोठ्या नगरपरिषदांमध्ये मुख्याधिकारी म्हणून काम केले आहे. सभागृहात नगराध्यक्षांच्या शेजारी बसून सदस्यांचे बोलणे ऐकायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले किती कागदावर उतरते ते पाहायचे, हा माझ्या नोकरीचा मोठा भाग होता. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो ती ही, की सेवा खरी की खोटी हा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका उपयोगाचा नाही. खरी सेवा करणारी, अडल्यानडल्याला रात्री धावून जाणारी माणसे नगरसेवक म्हणून पाच वर्षे मुकाट बसलेली मी पाहिली आहेत, आणि ज्यांच्या नावावर एकही शिबिर नाही अशा सदस्यांनी प्रभागाचे पाणी मार्गी लावलेलेही पाहिले आहे. आपल्याला पाहायचे आहे ते वेगळेच. या माणसाने आजवर जे केले, त्यावरून दुसऱ्यांचा, म्हणजे सर्वांचा, पैसा राखण्याचे आणि तो योग्य जागी खर्च करवून घेण्याचे काम त्याला जमेल की नाही, याचा काही अंदाज बांधता येतो का?

स्वतःच्या खिशातून चार टँकर पाठवणे ही उदारता आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु नगरसेवकाला स्वतःच्या खिशात हात घालायचाच नसतो. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याच्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्ये दिली आहेत. त्यांत पिण्याचे पाणी, गटारे, दिवाबत्ती, सफाई, जन्ममृत्यूची नोंद अशी रोजच्या जगण्याची कामे येतात. त्यांसाठी घरपट्टी आणि पाणीपट्टी गोळा होते, वित्त आयोगाचा निधी येतो, नगरोत्थान किंवा वस्ती सुधार योजनांतून रक्कम मिळते. सदस्याचे काम हे की अर्थसंकल्पात आपल्या प्रभागाची गरज कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्यात, बसते ते शोधायचे, ठराव मांडायचा, कामाच्या खर्चाचे अंदाजपत्रक तयार करवून घ्यायचे, निविदा निघते की नाही ते पाहायचे आणि काम चालू असताना तेथे उभे राहायचे. ही वाट कंटाळवाणी आहे. तिच्यावर फोटो निघत नाहीत.

म्हणून पत्रकातील प्रत्येक गोष्टीला मी एकच प्रश्न लावतो. टँकर पाठवले, उत्तम. पण टँकरची गरज दरवर्षी का पडते, हे विचारायला हे गृहस्थ पाणीपुरवठा विभागात कधी गेले होते का? जलकुंभ भरत नाही म्हणून, जलवाहिनी गळकी म्हणून, की वरच्या भागात झडप बंद ठेवली जाते म्हणून? उन्हाळ्यामागून उन्हाळे टँकर पाठवणाऱ्याला याचे उत्तर ठाऊक असेल तर तो माणूस कामाचा आहे. ठाऊक नसेल तर टंचाई हीच त्याच्या लोकप्रियतेची जागा झाली आहे आणि ती दूर करण्याची घाई त्याला असेलच असे नाही. हे थोडे कडवट वाटेल, पण टंचाई संपू नये असे वाटणारी माणसे प्रत्येक शहरात असतात आणि ती सगळीच दुष्ट नसतात.

टँकरवरूनच एक प्रसंग सांगतो. एका टंचाईच्या वर्षी आमच्याकडे ठेकेदाराची वाहने लावली होती. प्रत्येक खेपेची नोंद वहीत करायची, वेळ लिहायची, वाहन क्रमांक लिहायचा आणि पाणी पोचल्याची तेथील दोन रहिवाशांची सही घ्यायची, अशी पद्धत होती. देयक मंजुरीसाठी आले तेव्हा प्रथमच निवडून आलेल्या एका सदस्य बाईंनी त्या नोंदवह्या मागवल्या. बचत गटाचा हिशेब लिहून त्यांची नजर तयार झाली होती. त्यांनी दोन प्रभागांच्या वह्या शेजारी शेजारी उघडून ठेवल्या आणि एकही शब्द न बोलता बोट ठेवत गेल्या. एकच वाहन, एकाच वेळी, शहराच्या दोन टोकांना पाणी ओतत होते. आणि एका वस्तीतील सगळ्या सह्या एकाच वळणाच्या होत्या. त्या दिवशी ते देयक थांबले आणि पडताळणी होऊन बरेच कमी रकमेचे मंजूर झाले. सभागृहात त्यांच्यापेक्षा पुष्कळ शिकलेले सदस्य होते. पण दर आठवड्याला वीस बायकांसमोर पै-पैचा हिशेब वाचून दाखवायची सवय त्यांच्यापैकी कोणाला नव्हती.

याचा अर्थ बचत गटातील प्रत्येक बाई चांगली नगरसेविका होईल असा घेऊ नये. गट कागदावरच असू शकतो, किंवा एखाद्या पुढाऱ्याने सभांना गर्दी जमवण्यासाठी उभा केलेला असू शकतो. तुमच्या प्रभागातील बाईंविषयी विचारायचेच असेल तर त्यांच्या गटातील एखाद्या सामान्य सदस्येला विचारा: बैठका ठरल्या दिवशी होतात का, इतिवृत्ताची वही कोण लिहिते, अंतर्गत कर्ज कोणाला द्यायचे हे कसे ठरते, बँकेचा हप्ता थकला तेव्हा काय केले. हप्ता थकला नाही असे कोणी सांगितले तर मला संशय येतो. थकला, त्या घरी जाऊन बसलो, मुदत वाढवून घेतली आणि वसूल केला, असे उत्तर आले तर त्या बाईंना सार्वजनिक कामाचे शिक्षण मिळालेले आहे असे समजायला हरकत नाही.

हाच निकष पहिल्या उमेदवारांनाही लावावा, म्हणजे अन्याय होणार नाही. रुग्णवाहिका कोणाच्या नावावर आहे? ती एखाद्या नोंदणीकृत न्यासाच्या नावावर असेल, तर तो न्यास धर्मादाय कार्यालयात नोंदलेला असतो, त्याचे विश्वस्त कोण हे तेथील नोंदीत असते आणि लेखापरीक्षित हिशेब तेथे सादर करावे लागतात. ते वेळेवर सादर झाले आहेत का, हे पाहता येते. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब गणेशोत्सवानंतर फलकावर लागतो का, हे तर तुम्हाला वस्तीतच कळेल. ज्याने मंडळाच्या वर्गणीचा हिशेब न मागता लावला, तो नगरपरिषदेत निदान हिशेब मागणाऱ्यावर चिडणार नाही. पतसंस्थेचे संचालकपद पत्रकात असेल तर संस्थेला लेखापरीक्षणात कोणता वर्ग मिळाला आणि सहकार कायद्याच्या कलम ८३ किंवा ८८ खाली काही चौकशी झाली का, एवढे पाहावे. रक्तदान शिबिरांविषयी मी फारसे खोलात जात नाही. ती चांगलीच असतात आणि त्यांच्यावरून नगरसेवक म्हणून काहीच कळत नाही.

आता व्यवसायाविषयी, कारण पार्श्वभूमीत माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी विचारली जाणारी गोष्ट तीच आहे. सदस्यांना मिळणाऱ्या भत्त्यावर कोणाचे घर चालत नाही. मग घर कशावर चालते, हे विचारणे उद्धटपणाचे नाही. बांधकाम साहित्य विकणे हा सचोटीचा धंदा आहे आणि केवळ त्यावरून कोणाकडे बोट दाखवू नये. महात्मा फुले स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत आणि साहित्यही पुरवत; तेच फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते आणि १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याच्या प्रस्तावाला त्यांनी एकट्याने विरोध केला होता. तेव्हा धंद्यावरून माणूस ठरत नाही. पण कायद्याने रेषा ओढलेली आहे: ज्याचा त्याच नगरपरिषदेच्या कामात किंवा करारात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध आहे, तो वर सांगितलेल्या १९६५ च्या अधिनियमाच्या कलम १६ नुसार उमेदवारीला अपात्र ठरतो आणि निवडून आल्यावर असा संबंध निर्माण झाला तर कलम ४४ खाली पद जाऊ शकते. व्यवहारात हे मेहुण्याच्या किंवा पुतण्याच्या नावाने चालते आणि सिद्ध करणे अवघड जाते. म्हणून सरळ विचारावे की गेल्या काही वर्षांत नगरपरिषदेच्या रस्त्यांना आणि गटारांना खडी व सिमेंट कोणाच्या दुकानातून गेले. लहान शहरात हे सर्वांना माहीत असते. फक्त मोठ्याने विचारले जात नाही. उत्तर मोकळेपणाने मिळाले, तर तीही त्या उमेदवारांच्या बाजूची एक गोष्ट समजावी.

शपथपत्र जरूर वाचा. उमेदवाराला नामनिर्देशनासोबत स्वतःवरील गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांचा तपशील द्यावा लागतो आणि तो मतदारांना पाहायला मिळतो. मालमत्तेच्या रकमेपेक्षा नगरपरिषदेची थकबाकी आहे का, याकडे मी आधी पाहतो. गुन्ह्यांच्या रकान्याविषयी मात्र थोडा विवेक हवा. पाण्यासाठी रास्ता रोको केला, जमावबंदी मोडली, म्हणून पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली, म्हणजे जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली, किंवा पोलीस अधिनियमाच्या कलम १३५ खाली नोंदलेला गुन्हा आणि भूखंड बळकावल्याचा किंवा ठेवी बुडवल्याचा गुन्हा यांची बेरीज करून ‘दोन गुन्हे’ असे म्हणू नये. पहिल्या प्रकारचा गुन्हा कधीकधी समाजसेवेचाच पुरावा असतो, आणि कधीकधी केवळ छायाचित्रापुरत्या आंदोलनाचा. कोणत्या मागणीसाठी आंदोलन केले आणि नंतर त्या मागणीचे काय झाले, हे विचारल्यावर फरक कळतो.

त्या ‘नंतर’चे महत्त्व आपल्याकडे फार जुन्या प्रसंगातून दिसते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे मंडळात संमत झाल्यावर महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली लोक तेथे पाणी प्यायले तेव्हा महाडचे सुरबानाना टिपणीस, ज्यांनी तेथील नगराध्यक्षपद सांभाळले होते, आपल्याच गावातील बहुसंख्यांचा रोष पत्करून सत्याग्रहाच्या बाजूने राहिले. नगरपालिकेने मात्र ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव मागे घेतला आणि हक्काचा निकाल उच्च न्यायालयातून लागायला मार्च १९३७ उजाडले. सभागृहात हात वर करणारे पुष्कळ असतात. ठराव अमलात येत नाही तेव्हा किंवा गावाचा रेटा उलट दिशेने असतो तेव्हा कोण कोठे उभा राहतो, हे उमेदवाराच्या मागच्या आयुष्यात शोधता आले तर शोधावे. अतिक्रमण, डुकरांचा बंदोबस्त, दफनभूमीची जागा, भाजीबाजाराचे स्थलांतर अशा एखाद्या भांडणात या दोघांनी काय भूमिका घेतली होती, हे तुमच्या शहरातल्या जुन्या माणसांना आठवत असेल.

लोकांची कामे करून देण्याविषयी एक सूचना. शिधापत्रिका, संजय गांधी निराधार योजनेचे प्रकरण, उत्पन्नाचा दाखला ही कामे तहसील कार्यालयाची आहेत. घरातील वीज महावितरणची आहे. ही कामे करून देणारा माणूस मतदारांना जवळचा वाटतो आणि ते साहजिक आहे. पण निवडून आल्यावर त्याचा सगळा दिवस तहसीलच्या दारात गेला, तर नगरपरिषदेच्या विषयपत्रिकेतील विषय वाचायला कोण बसणार? आयत्या वेळचे विषय म्हणून जे घाईत संमत होतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवायला सदस्य सभागृहात जागा असावा लागतो. दुसऱ्यांचे अर्ज भरून देताना ज्याला कोणते काम कोणत्या कार्यालयाचे, कोणत्या टेबलावर अडते, कोणता कागद कमी पडतो हे पाठ झाले आहे, त्याच्या सेवेचे मोल मी वेगळे धरतो. नुसता फोन करून साहेबांना सांगतो म्हणणाऱ्याचे तितके धरत नाही.

बाईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी लागेल आणि ती मी अवघडून लिहितो आहे, कारण पुरुष उमेदवाराविषयी हा प्रश्न कोणी विचारत नाही. राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये महिलांना निम्म्या जागा आहेत आणि त्यामुळे फार चांगल्या सदस्या पुढे आल्या. परंतु फलकावर पतीचा फोटो मोठा, सभेत बाईंची सही आणि बाहेर पतीचा कारभार, हेही मी पुष्कळ पाहिले. प्रचारात तुमच्या दारी आल्यावर गटाराविषयी प्रश्न विचारा आणि उत्तर कोण देते ते पाहा. पत्रकात दोनच ओळी आहेत म्हणून त्यांना कमी लेखू नका, आणि केवळ साधेपणा आहे म्हणून जास्त महत्त्वही देऊ नका. पहिल्या उमेदवारांच्याही मागे कोणी भाऊ किंवा आमदारांचा माणूस निर्णय घेणारा असेल, तर तो प्रश्न त्यांनाही तितकाच लागू आहे.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या काही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. उमेदवार पक्षाच्या किंवा आघाडीच्या चिन्हावर असेल तर १९८६ च्या सदस्य अनर्हता अधिनियमामुळे, म्हणजे स्थानिक संस्थांच्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे, पक्षादेशाविरुद्ध मत देणे त्याला महागात पडू शकते; वैयक्तिक पार्श्वभूमी कितीही उजळ असली तरी काही मतदानांत तिचा उपयोग होत नाही. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडलेले असतात आणि सभागृहात बहुमत कोणाचे हे पोटनिवडणुकीपूर्वीच ठरलेले असते, म्हणून या एका जागेने सत्ता बदलत नसेल, तर तुम्ही खरे म्हणजे प्रश्न विचारणारा सदस्य निवडत आहात की कामे ओढून आणणारा, याचा विचार करावा. माझा कल प्रश्न विचारणाऱ्याकडे आहे. प्रभागात पाण्याची मुख्य वाहिनीच नसेल आणि निधी अडलेला असेल, तर कामे ओढून आणणाऱ्याची गरज अधिक असू शकते, हेही खरे. शिवाय बहुतेक नगरपरिषदांवर डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपूर्वी दीर्घकाळ प्रशासक होते, त्यामुळे माजी सदस्यांचे सभागृहातील काम जुने झाले आहे. दोघांपैकी कोणी पूर्वी सदस्य असेल, तर त्या काळातील सभांच्या इतिवृत्ताच्या नकला माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येतात. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज आजच करावा. सूचक आणि अनुमोदक म्हणून कोणत्या ठरावांवर त्यांचे नाव आहे, कोणत्या विषयाला विरोध नोंदवला आहे आणि कोणत्या सभांना गैरहजेरी आहे, हे त्यात दिसते.

तुम्ही दिलेल्या तपशिलावरून नाव सांगण्याचा मोह मला होतो, पण मी सांगणार नाही, कारण पत्रकांखेरीज मी काहीच पाहिलेले नाही. त्याऐवजी इतके करा. नगरपरिषदेच्या चालू वर्षाच्या अर्थसंकल्पाची प्रत मिळवा. ती कार्यालयात असते आणि पुष्कळ ठिकाणी संकेतस्थळावरही असते. त्यातील पाणीपुरवठ्याचे पान उघडून दोन्ही उमेदवारांना, त्यांच्या घरी जाऊन, वेगवेगळे विचारा की आपल्या प्रभागासाठी यातून काय करता येईल आणि जे यात नाही ते पुढच्या अर्थसंकल्पात घालण्यासाठी कोणत्या महिन्यात काय करावे लागेल. बरोबर उत्तर दोघांनाही येणार नाही, बहुतेक विद्यमान सदस्यांनाही येत नाही. जो उमेदवार ते पान तुमच्याकडून मागून घेईल आणि दोन दिवसांनी त्यावर खुणा करून परत येईल, त्याला किंवा तिला मी मत दिले असते.